किंग क्रिमसन : १९६९चा आणि १९८१चा, हा एकच बँड कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतात. किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडचा १९६९चा पहिला अल्बम, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग', त्यांना खूप आवडला. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी १९८१चा 'डिसिप्लिन' लावला आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. ना ते भव्य सूर, ना ती बासरी, ना ते दुःखी गाणं. नुसत्या टिकटिकणाऱ्या दोन गिटार. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हा बदल झाला कसा, तेराही स्टुडिओ अल्बम क्रमाने ऐकावेत का, आणि वाजवायला सुरुवात कुठून करावी.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. बँडची वाटचाल म्हटलं की आपण एक सलग रेष धरून चालतो. जेनेसिस या बँडच्या बाबतीत तसं करता येतं. १९७५मध्ये पीटर गेब्रिएल गेला, १९७७मध्ये स्टीव्ह हॅकेट गेला, पण टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स हे तिघे टिकले, आणि लांबलचक रचनांपासून १९८६च्या रेडिओवरच्या गाण्यांपर्यंतचा उतार पायरी पायरीने ऐकू येतो. किंग क्रिमसनला हे माप लावलं की गोंधळ होतो. हा बँड जुन्या नाटक कंपनीसारखा समजा: पाटी तीच, चालवणारा तोच, नटसंच आणि नाटक मात्र दर वेळी नवं. चालवणारा म्हणजे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. १९६९ ते २०२१ प्रत्येक संचात असलेला एकमेव माणूस. त्याने बँड बंद केला, पुन्हा उभा केला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आधीच्या संचाची एखादी सवय नव्या संचाला वर्ज्य ठरली. म्हणून 'पुढे काय वाढलं' यापेक्षा 'या वेळी काय काढून टाकलं' हे विचारलं की प्रत्येक टप्पा लवकर कळतो.

कुठून ऐकावं हे तुमच्यावर अवलंबून आहे. गाण्यासाठी, शब्दांसाठी आलेल्याची वाट वेगळी, गिटार शिकणाऱ्याची वेगळी, तबला किंवा ड्रम्स वाजवणाऱ्याची तिसरीच. तुम्ही गिटारवाले आहात, तेव्हा उत्तर त्या अंगाने देतो.

पहिल्या अल्बमचा आवाज गिटारचा नव्हताच, हे आधी ध्यानात घ्या. जानेवारी १९६९मध्ये लंडनमध्ये तालमी सुरू झाल्या, ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी हा बँड प्रचंड गर्दीपुढे वाजला, आणि १० ऑक्टोबरला अल्बम आला. पदार्पणाच्या वर्षातच इतकं सगळं. इयन मॅकडोनाल्ड सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन वाजवत होता आणि शीर्षकगीताची चालही त्याची होती. ग्रेग लेक गायचा आणि बेस वाजवायचा, मायकेल जाइल्स ड्रम्सवर होता, पीटर सिनफील्ड शब्द लिहायचा आणि प्रकाशयोजना बघायचा. तुम्हाला भावलेला तो 'भव्य सूर' मेलोट्रॉनचा. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा एकच स्वर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते. साधारण आठ सेकंदांत ती संपते आणि पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. म्हणून त्या अल्बममधले लांब सुरावटीचे तुकडे लाटांसारखे येतात आणि मावळतात. सलग ताणलेला सूर त्यात फारसा नाही. मोटरचा वेग आणि खोलीचं तापमान बदललं की सूरही हलतो. तो थोडासा डळमळीतपणा आपल्याला आता 'वातावरण' वाटतो, पण दौऱ्यावर तो डोकेदुखी असायचा.

डिसेंबर १९६९मध्ये, अमेरिकेचा पहिला दौरा संपता संपता, मॅकडोनाल्ड आणि जाइल्स दोघेही बाहेर पडले. लेक पुढच्याच वर्षी एमर्सन, लेक अँड पामर या बँडमध्ये गेला. म्हणजे अल्बम बाजारात येऊन तीन महिने व्हायच्या आत तो आवाज बनवणारी माणसं पांगली. तुम्ही ज्याच्या प्रेमात पडलात तो बँड एक वर्षही टिकला नाही, आणि १९८१मध्ये तो सापडणार नाही याचं मूळ कारण एवढंच आहे.

पुढची दोन वर्षं झटपट उरकतो. १९७०चा 'इन द वेक ऑफ पोसायडन' पहिल्या अल्बमचाच आराखडा पुन्हा वापरतो: सुरुवातीला जोरकस रचना, मग शांत गाणं, मग मेलोट्रॉनचं मोठं शीर्षकगीत. ओळीने दोन्ही ऐकलेत तर साचा स्पष्ट दिसेल. त्याच वर्षीचा 'लिझर्ड' जॅझकडे झुकलेला आहे. कीथ टिपेटचा पियानो, आणि शीर्षकरचनेत येस बँडचा गायक जॉन अँडरसन पाहुणा. १९७१चा 'आयलंड्स' हळवा आणि मोकळा. गायक बॉझ बरेलला बेस येत नव्हता. तो फ्रिपने शिकवला. या काळात मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन चांगला आहे, पण संच दर काही महिन्यांनी बदलत होता आणि ते ऐकू येतं. १९७२चा मैफिलींचा अल्बम 'अर्थबाउंड' कॅसेटवर मुद्रित केलेला आहे. आवाज इतका चिरका की अमेरिकेतल्या कंपनीने तो काढायला नकार दिला. सुरुवातीला हा टप्पा वगळलात तरी काही बिघडत नाही.

आता १९७२ ते १९७४. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मनातली १९६९ आणि १९८१ मधली दरी याच अडीच वर्षांत भरते.

१९७२च्या सुरुवातीला सिनफील्ड गेला आणि उन्हाळ्यात फ्रिपने सगळी माणसं नवी घेतली. ड्रम्सवर बिल ब्रूफर्ड, जो येस ऐन भरात असताना तो बँड सोडून आला. बेस आणि गायन जॉन वेटन. व्हायोलिन डेव्हिड क्रॉस. आणि तालवाद्यांवर जेमी म्यूर, जो पत्रे, साखळ्या, शिट्ट्या, हाताला लागेल ते वाजवायचा. सॅक्सोफोन आणि बासरी गेली, शब्दांचं महत्त्व उतरलं, आणि रचनेचा भार तालावर आला. मार्च १९७३च्या 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक'मध्ये हे सगळं पहिल्यांदा दिसतं. म्यूर अल्बम येईपर्यंत बँड सोडून बौद्ध मठात निघूनही गेला होता, पण ब्रूफर्डच्या वाजवण्यावर त्याचा ठसा राहिला. नुसता ठेका धरण्याऐवजी तो मधल्या जागा सोडायला, अनपेक्षित ठिकाणी घाव घालायला लागला.

या अल्बमची शेवटची रचना, 'लार्क्स टंग्ज'चा दुसरा भाग, बोटाने मोजून बघा. मुख्य गिटारचा तुकडा दहाचा आहे आणि वजनं ३-३-२-२ अशी पडतात. झपतालही दहाचाच, पण त्याचे विभाग २-३-२-३. तबला शिकलेला माणूस इथे हमखास अडखळतो, कारण त्याचं शरीर आधीच दुसऱ्या वजनाला सरावलेलं असतं. झपताल विसरून 'एक-दो-तीन, एक-दो-तीन, एक-दो, एक-दो' असं मोठ्याने म्हणा, टाळी फक्त प्रत्येक 'एक'वर. दोन-चार मिनिटांत बसतं. बसल्यावर एक गोष्ट जाणवेल: इथे गिटार तालवाद्याचं काम करते आणि सुरावट व्हायोलिनकडे आहे. गिटारने सुरावट सोडून ठोका सांभाळायचा, ही कल्पना पुढे १९८१मध्ये टोकाला जाते.

हा संच मैफिलीत तयारीशिवाय, जागच्या जागी रचत वाजवायचा. मार्च १९७४चा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' स्टुडिओ अल्बम म्हणून विकला जातो, पण त्याचा मोठा भाग नोव्हेंबर १९७३मधल्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमधल्या मैफिलीतून घेतला आहे, टाळ्या काढून. त्यातली 'फ्रॅक्चर' ही रचना गिटारवाल्यांनी कधीतरी समोर घ्यावीच. ती पूर्णस्वरांच्या मांडणीवर आधारलेली आहे. आपल्या भाषेत सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी: सहा स्वर, सगळे एकमेकांपासून समान अंतरावर. पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे कानाला विसावा कुठेच मिळत नाही. मधला भाग काही मिनिटं न थांबता, एका तारेवरून दुसरीवर उड्या मारत, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) खाली-वर अशा कडक आळीपाळीने वाजवायचा आहे.

याच काळात एक तांत्रिक पेच झाला. वेटनचा बेस आणि ब्रूफर्डचे ड्रम्स दिवसेंदिवस मोठे होत गेले आणि त्यात व्हायोलिन बुडायला लागलं. १ जुलै १९७४ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दौरा संपला आणि क्रॉस बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी लंडनमध्ये 'रेड' केला. तिघांचाच बँड असल्यामुळे गिटारचे थरावर थर चढवलेले आहेत, आणि नंतरच्या हेवी मेटल संगीतावर या अल्बमची छाया मोठी आहे. शेवटची 'स्टारलेस' ही बारा मिनिटांची रचना तुम्ही पुढचा अल्बम म्हणून नाही, पुढचं गाणं म्हणून ऐका. सुरुवातीची साडेचार मिनिटं तुमच्या १९६९च्या आवडीला थेट भिडतील: मेलोट्रॉन, संथ चाल, उदास गायन. मग बेसवर तेराचं आवर्तन सुरू होतं. ती ओळ बेसची असली तरी रचली ड्रम्सवाल्या ब्रूफर्डने. तेरा मोजायला चार-चार-पाच धरा. त्यावर फ्रिप कितीतरी वेळ जवळजवळ एकच स्वर वाजवत राहतो आणि हळूहळू वर सरकतो. मग लय दुप्पट होते, सॅक्सोफोन येतो, आणि शेवटी पहिली चाल पूर्ण ताकदीने परतते. गंमत म्हणजे तो सॅक्सोफोन वाजवणारे मॅकडोनाल्ड आणि मेल कॉलिन्स, म्हणजे जुन्याच संचांतले. एकाच रचनेत मागचा बँड आणि पुढचा बँड दोन्ही आहेत. अल्बम ऑक्टोबर १९७४मध्ये आला, पण त्याच्या आधीच फ्रिपने बँड संपल्याचं जाहीर केलं होतं.

मधली सात वर्षं बँड नव्हता. फ्रिपने या काळात संगीतकार ब्रायन ईनोबरोबर आधीच सुरू केलेली फितीची पद्धत पुढे नेली. दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे. पहिल्यावर मुद्रित झालेली फीत तशीच दुसऱ्याच्या रिळावर जायची, दुसऱ्यावर ती वाजायची आणि तो आवाज परत पहिल्याकडे मुद्रणाला पाठवायचा. किती वेळाने स्वर परत येईल हे दोन यंत्रांमधल्या अंतरावर ठरतं: फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर पाच सेकंदांसाठी साधारण ९५ सेंटिमीटर अंतर लागतं. आज हेच एखाद्या डिले पेडलवर (वाजवलेला आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या यंत्रावर) होतं. पुनरावृत्तीची मात्रा पूर्ण न ठेवता जरा कमी ठेवा, म्हणजे जुने थर आपोआप विरतात. पूर्ण ठेवलीत तर दोन मिनिटांत चिखल होतो. हा प्रयोग इथे सांगायचं कारण असं की 'तोच तुकडा परत परत, आणि त्यातून हळूहळू बदल' हा विचार १९८१च्या अल्बममागे आहे.

तर १९८१. सुरुवातीला या चौकडीचं नावच डिसिप्लिन होतं; किंग क्रिमसन हे नाव नंतर घेतलं. फ्रिप आणि ब्रूफर्ड जुने, गिटारवादक एड्रियन बेलू आणि बेसवर टोनी लेव्हिन नवे. पहिल्यांदाच बँडमध्ये अमेरिकन आले आणि पहिल्यांदाच दुसरा गिटारवादक आला. या चौघांनी काय काढलं ते बघा. मेलोट्रॉन गेला. व्हायोलिन आणि सॅक्सोफोन आधीच गेले होते. ब्रूफर्डला झांजा आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) शक्यतो टाळायला सांगितलं होतं. फ्रिपचा जाड, घरघरता आवाज बहुतेक वेळा बंद, कारण दोन गिटार एकमेकांत स्वर विणणार असतील तर घरघरीत दोन्ही ओळी मिसळून जातात. आणि लांब एकल वादनही जवळजवळ गेलं. झांजांनी सतत भरून राहणारी वरची जागा रिकामी झाली, म्हणून गिटारचे बारीक ठिपके तिथे स्वच्छ ऐकू येतात. तुम्हाला जी 'टिकटिक' वाटली ती अशी मोकळ्या केलेल्या जागेत आहे. लेव्हिनचं चॅपमन स्टिक हे दहा तारांचं वाद्य दोन्ही हातांच्या बोटांनी ठोकून वाजतं, त्यामुळे खालचा बेस आणि मधली एक ओळ एकाच माणसाकडून येते. ब्रूफर्डकडे सिमन्स कंपनीचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम्सही होते.

मागे जावाच्या गॅमेलान वाद्यवृंदाची आणि स्टीव्ह राइशसारख्या संगीतकारांची प्रेरणा आहे. कुणी एकाने पुढे येऊन चमकायचं नाही. चौघांचे छोटे तुकडे मिळून एक आकृती. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन्ही गिटार आधी सातच्या मात्रेत, म्हणजे चौदा जलद स्वरांचं एकच आवर्तन, एकत्र वाजवतात. मग एक गिटार शेवटचा स्वर गाळते आणि तेराचं आवर्तन धरते. प्रत्येक फेरीला एक स्वराने पुढे सरकत ती दुसरीपासून दूर जाते. गणिताने बघितलं तर चौदाच्या तेरा फेऱ्या आणि तेराच्या चौदा फेऱ्या, दोन्हीकडे १८२ स्वर, तेव्हा कुठे दोघांची सम पुन्हा एक होईल.

हे बसवताना बहुतेक जण पायामुळे चुकतात. पाय दर दोन स्वरांना ठोका देत असेल तर तेराच्या आवर्तनात पहिला स्वर एका फेरीत ठोक्यावर येतो आणि पुढच्या फेरीत दोन ठोक्यांच्या मध्ये. डोकं म्हणतं चुकलं, हात थबकतो, आणि मग खरंच चुकतं. म्हणून पाय स्थिर ठेवा. आधी चौदाचा तुकडा एकट्याने, मूळ लयीच्या निम्म्या लयीत, न अडखळता सलग पाच मिनिटं वाजेपर्यंत पक्का करा. मग तेराचा, फक्त पहिल्या स्वरावर हलकं वजन देऊन. मग चौदाचा स्वतःच मुद्रित करून त्यावर तेराचा वाजवा, आणि कान स्वतःच्या ओळीवरच ठेवा. समोरच्याबरोबर सम साधायचा मोह आपल्याला जास्त होतो, कारण समेवर भेटणं हेच आपलं शिक्षण. इथे मधल्या काळात न भेटणं हाच खेळ आहे. मेट्रोनोमवरची लय एका वेळी मिनिटाला चार ठोक्यांपेक्षा जास्त वाढवू नका.

शीर्षकरचना 'डिसिप्लिन' याहून अवघड. तिच्यात गिटार पाचाच्या गटांशी खेळतात आणि ड्रम्सचा तुकडा सतराचा आहे. ती ऐकताना सगळं एकदम मोजू नका. एकदा फक्त डावीकडची गिटार, एकदा उजवीकडची, एकदा ड्रम्स. कानात घालायचे हेडफोन त्यासाठी हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर दोन गिटार एक होतात आणि मग कंटाळा येणारच. 'द शेल्टरिंग स्काय'मध्ये मात्र गिटार सिंथेसायझरचा लांब सूर आहे. १९६९ आवडणाऱ्याला या अल्बममध्ये शिरायला तो सर्वांत सोपा दरवाजा.

याच चौघांचे १९८२चा 'बीट' आणि १९८४चा 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' हे आणखी दोन अल्बम. 'डिसिप्लिन'ची धार त्यांना नाही, माझ्या मते. 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर'च्या एका बाजूला गाणी आणि दुसऱ्या बाजूला प्रयोग अशी सरळ विभागणी आहे, आणि तीच सांगते की दोन्ही एका रचनेत मावेनासं झालं होतं. जुलै १९८४मध्ये पुन्हा पूर्णविराम.

वाजवणाऱ्यांसाठी यानंतरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अल्बमांमध्ये दिसत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून फ्रिपने गिटारच्या तारा लावण्याची पद्धतच बदलली. सहावीपासून पहिलीपर्यंत सी, जी, डी, ए, ई, जी. म्हणजे खालच्या पाच तारा व्हायोलिनसारख्या पंचमाच्या अंतराने. नेहमीच्या गिटारपासून सहावी चार अर्धस्वर खाली जाते, पाचवी दोन खाली, चौथी तशीच, तिसरी दोन वर, दुसरी पाच वर आणि पहिली तीन वर. बाजारातल्या साध्या संचावर हे करू नका: दुसरी तार तुटेल, सहावी ढिली पडून फ्रेटवर खडखडेल. वरच्या तारा पातळ आणि खालच्या जाड, सुट्या घ्याव्या लागतात. आणि गिटारच्या मानेवरचा ताण बदलल्यामुळे ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते. व्यवहारात याचा अर्थ असा: १९७४पर्यंतचे आणि १९८१ ते ८४चे फ्रिपचे तुकडे तारांच्या नेहमीच्या लावणीत बसतात; १९९४ नंतरचे त्याचे तुकडे बसत नाहीत, बोटं अशक्य अंतरावर जातात. बेलूचे तुकडे नेहमीच्याच लावणीत आहेत. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये (कुठल्या तारेवर बोट कुठे ठेवायचं हे दाखवणाऱ्या लिपीत) हा भेद अनेकदा नसतो, आणि मुलं उगाच स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात.

१९९४मध्ये सहा जणांचा संच उभा राहिला: आधीचे चौघे, शिवाय स्टिकवर ट्रे गन आणि ड्रम्सवर पॅट मास्टेलोटो. म्हणजे दोन त्रिकुटं. १९९५चा 'थ्रॅक' 'रेड'चा जडपणा आणि 'डिसिप्लिन'ची वीण एकत्र आणायचा प्रयत्न करतो. शीर्षकरचनेत तो जमतो. बाकी ठिकाणी सहा जण एकाच पट्टीत गर्दी करतात. म्हणून १९९७ ते ९९ बँड छोट्या छोट्या तुकड्यांत विभागून प्रयोग करत राहिला, आणि त्यात ब्रूफर्ड कायमचा बाहेर पडला. चौघांचा २०००चा 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' आला. त्याच्या शीर्षकरचनेत दोन गिटार एकाआड एक स्वर वाजवून एकच ओळ बनवतात. दोघांपैकी एकाचा आवाज बंद केला तर ओळ निम्मी गळते. इलेक्ट्रॉनिक ड्रम्समुळे हा अल्बम कोरडा वाटायचा. पुढे ड्रम्सच्या मूळ फिती सापडेनात, तेव्हा मास्टेलोटोने ते नव्याने वाजवले आणि २०१९मध्ये नवी आवृत्ती निघाली. ऐकायची तर तीच ऐका. २००३चा 'द पॉवर टू बिलीव्ह' हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. आटोपशीर, जड, आणि उगाच दुर्लक्षित.

२०१२मध्ये फ्रिपने संगीत व्यवसायातून निवृत्ती जाहीर केली, आणि पुढच्याच वर्षी सात जणांचा संच जाहीर केला. २०१४च्या सप्टेंबरपासून तो रंगमंचावर होता. तीन ड्रमर सर्वांत पुढे, बाकीचे मागे चौथऱ्यावर. मेल कॉलिन्स सॅक्सोफोन घेऊन परतला, गायला जॅको जॅक्सिक. नवा स्टुडिओ अल्बम केला नाही. पन्नास वर्षांच्या रचना एकाच संचाने नव्याने मांडल्या, त्यात 'आयलंड्स' आणि 'लिझर्ड'मधलं दुर्लक्षित साहित्यही आलं. तुम्ही विचारलेल्या 'एकच बँड कसा' या प्रश्नाला या संचाने ८ डिसेंबर २०२१ला टोकियोत थांबेपर्यंत वाजवूनच उत्तर दिलं. २०१४ नंतरची एखादी मैफल लावलीत तर १९६९ची आणि १९७३ची रचना शेजारी शेजारी ऐकू येते, आणि शिवण दिसत नाही.

म्हणून क्रमाने तेरा अल्बम नकोत. एक धागा धरा. 'लार्क्स टंग्ज'चे पहिले दोन भाग १९७३चे, तिसरा १९८४चा, चौथा २०००चा, आणि 'लेव्हल फाइव्ह' नावाने पाचवा २००३चा. तीन वेगळ्या संचांनी एकच विचार तीस वर्षं घासला आहे. ओळीने ऐकायला तासही लागत नाही, आणि बँड बदलला म्हणजे काय बदललं हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून नाही. त्यानंतर 'रेड' पूर्ण, मग पुन्हा 'डिसिप्लिन'. तरीही तो रुचला नाही तर राहू द्या. १९६९ आवडून १९८१ न आवडणारे जाणकार श्रोते भरपूर आहेत, त्यात कानाचा दोष नाही.

वाजवायला 'रेड'च्या शीर्षकरचनेपासून सुरुवात करा. शब्द नाहीत, लावणी नेहमीची, सुरुवातीची चढती ओळ मोजायला फसवी आहे पण मुख्य भाग साध्या चाराचा. तिघांच्या बँडला पेलते. त्यानंतर 'लार्क्स टंग्ज'चा दुसरा भाग, कारण त्यात ड्रम्सवाल्याची तयारीही होते. मग 'फ्रेम बाय फ्रेम', दुसरा गिटारवाला धीराचा असेल तर. 'फ्रॅक्चर' शेवटी. तिचा एक छोटा तुकडा घ्या, मेट्रोनोम ६०वर, एका ठोक्याला चार स्वर, पिक तारेच्या अगदी जवळ. हातातलं बळ मनगटाच्या वर सरकलं की दंड आणि कोपर दुखायला लागतं. तिथे थांबा, 'सवय होईल' म्हणून रेटू नका. खुर्चीत बसून, गिटार उंच धरून सराव केलात तर मनगट सरळ राहतं. किंग क्रिमसनमध्ये फ्रिप रंगमंचावरही स्टुलावर बसूनच वाजवायचा.

आणि ऐंशीच्या दशकातलं साहित्य रंगमंचावर कसं दिसतं ते बघायचं असेल तर २०२४मध्ये बेलू आणि लेव्हिन यांनी 'बीट' नावाने एक दौरा सुरू केला, फ्रिपच्या जागी स्टीव्ह वाय आणि ब्रूफर्डच्या जागी टूल बँडचा डॅनी केरी. वायच्या उजव्या हाताकडे बघा. फ्रिपने कडक आळीपाळीने वाजवलेले काही तुकडे तो वेगळ्या बोटांनी सोडवतो, आणि तुमच्या हाताला त्यातला कुठला मार्ग सोपा जातो ते दोन्ही करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.